डिटेक्टर घेण्याआधी तुमच्या ओढ्यातलं सोनं कुठल्या रूपात आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा आहे, त्यातल्या गारगोटीच्या दगडांत पिवळे ठिपके दिसतात, वाळूतही काहीतरी चमकतं. तर मेटल डिटेक्टर कुठला घ्यावा, सापडलेलं सोनंच आहे हे स्वतः कसं तपासावं, आणि 'वीस मीटर खोलीवरचं फक्त सोनं दाखवतं' असं सांगून विकलं जाणारं अँटेनावालं यंत्र खरं असतं का.

यात तीन निराळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जमिनीत इथे धातूचा तुकडा आहे का, हा पहिला. हातात आलेला तुकडा सोन्याचा आहे का, हा दुसरा. आणि या दगडात सोनं आहे किती, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर डिटेक्टर देतो, दुसऱ्याचं सुई, तराजू आणि अ‍ॅसिड, आणि तिसऱ्याचं खात्रीचं उत्तर फक्त प्रयोगशाळा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे पैसे एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेण्यात गेलेले असतात. दगडाच्या शिरेवर डिटेक्टर फिरवतात, तो गप्प राहिला की 'सोनं नाही' म्हणतात. किंवा अ‍ॅसिडची बाटली घेऊन दगडावर थेंब टाकत बसतात.

डिटेक्टर करतो काय? दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, वाटेत धातू आला तर त्यात विजेचे छोटे भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलला परत जाणवतं. बस, एवढंच. सोन्याचा रंग, वजन, किंमत यातलं त्याला काही कळत नाही. कळतो तो वीज वाहणारा सलग तुकडा. इथे 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा चांगला सिग्नल देईल, पण तेवढंच सोनं पिठासारखं बारीक होऊन वाळूत मिसळलेलं असेल तर डिटेक्टर हूं की चूं करणार नाही. प्रत्येक कणातला भोवरा इतका क्षीण असतो की हजारो कण मिळूनही आवाज निघत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ठरवायची ती मशीनचं मॉडेल नव्हे, तर तुमच्याकडचं सोनं कुठल्या रूपात आहे ही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सोन्याचे मोठाले खडे जमिनीच्या वरच्या थरात मिळतात. १८६९ मध्ये मोलियागुल इथे 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा प्रचंड गोळा झाडाच्या मुळाशी, जवळजवळ उघड्यावरच सापडला, तेव्हा डिटेक्टर नव्हतेच. १९८० मध्ये त्याच पट्ट्यात किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' मिळाला. अशा जमिनीत डिटेक्टर सार्थकी लागतो. आता दुसरं टोक बघा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातला कार्लिन पट्टा जगातल्या मोठ्या सुवर्णक्षेत्रांत मोडतो, पण तिथलं सोनं पायराइटच्या (लोखंड-गंधकाचं सोन्यासारखं पिवळं खनिज) कणांत इतकं सूक्ष्म बसलेलं आहे की डोळ्यांना दिसत नाही, वाळू धुवायच्या पसरट थाळीत, म्हणजे पॅनमध्ये, येत नाही, डिटेक्टरला तर कळतच नाही. सोने शोधणारे कित्येक वर्षं त्या भागातून ये-जा करत होते, तरी तिथली मोठी खाण सुरू व्हायला १९६५ उजाडलं. तुमचा ओढा या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो हे मला इथून सांगता येणार नाही. ते तुम्हालाच शोधायचंय, आणि त्यासाठी लागणारं साधन डिटेक्टरपेक्षा खूप स्वस्त आहे.

ते म्हणजे पॅन. मी नव्या भागात गेलो की डिटेक्टर गाडीतच राहतो. ओढ्याच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यांच्या खालच्या अंगाचा आडोसा, तळाच्या कातळातल्या आडव्या भेगा, काठावरच्या गवताची मुळं आणि शेवाळ, अशा जागांवरचं साहित्य घ्या. पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे जड वस्तू बसते. आधी चाळणीने गोटे काढून टाका. मग पॅन पाण्याखाली धरून जोरात हलवा, म्हणजे जड ते खाली जातं. पुष्कळ जण या पायरीत घाई करतात आणि लगेच वरची वाळू ओतायला लागतात. सोन्याची घनता १९.३, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची साधारण ५.२ आणि गारगोटीची २.६५. एवढा फरक असल्यावर सोनं तळाशी जाणारच, तुम्ही त्याला जायला वेळ दिला पाहिजे. शेवटी काळ्या वाळूची कोर उरते. तिच्यावर थोडं पाणी घेऊन पॅन हलकेच फिरवलं की वाळू पुढे सरकते आणि सोनं असेल तर मागे, जागेवर राहतं. चमकणारा कण पाण्याबरोबर भिरभिरत पुढे गेला तर ते अभ्रक.

वाळूत जे चमकतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावर साधी युक्ती: पॅन आपल्या सावलीत धरा. अभ्रक आणि पायराइट उन्हात लखलखतात, कोन बदलला की विझतात. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. त्याला चकाकी कमी आणि रंग जास्त असतो.

दर वेळी तेवढंच माप घ्या, पॅनमधले कण मोजा आणि वहीत टिपत ओढ्याच्या वरच्या अंगाला जा. कण वाढत जातात आणि मग एका टप्प्यानंतर एकदम बंद होतात. तसं झालं तर सोनं त्या दोन ठिकाणांच्या मधूनच, एखाद्या ओहोळातून किंवा उतारावरून येतंय. मग ओढा सोडून त्या उतारावरच्या मातीचे नमुने घ्यायचे. कणांचा आकारही भिंगातून बघा. कोपरे, काटे शिल्लक असतील, गारगोटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर उगम जवळ आहे. चपटे, कडा गुळगुळीत झालेले कण लांबून वाहत आलेले असतात. कणांच्या आकारावरून काय काय कळतं याचं एक टोकाचं उदाहरण सांगतो. इंडोनेशियातल्या बुसांग इथे प्रचंड सोनं असल्याचा ब्रे-एक्स कंपनीचा दावा १९९७ मध्ये कोसळला, तेव्हा कठीण खडकाच्या नमुन्यांतले सोन्याचे कण नदीतल्या सोन्यासारखे गोलसर निघाले होते. खडकात झोपलेलं सोनं असं घासलं जात नाही. ते बाहेरून मिसळलेलं होतं.

पॅनमध्ये फक्त धुळीसारखे कण येत असतील तर डिटेक्टर घेऊ नका. स्लुइस (वाहत्या पाण्यात वाळू धुवायची आडव्या पट्ट्यांची पन्हळ), चांगल्या चाळण्या आणि फावडं घ्या. टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून मोठे दाणे येत असतील, किंवा उतारावर जुने खणलेले खड्डे, गारगोटीचा राडारोडा दिसत असेल, तर डिटेक्टरचा विचार जरूर करा.

आता कुठला डिटेक्टर. ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली व्हीएलएफ, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरी वापरणारी. हा डिटेक्टर सतत, बहुधा एकाच वारंवारतेवर चालतो. नाणी शोधायच्या साध्या मशीन बहुधा ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास असतात. सोन्यासाठीच्या त्याहून वर: मायनलॅबची गोल्ड मॉन्स्टर १००० ही ४५ वर, फिशरची गोल्ड बग २ ही ७१ वर. वारंवारता जितकी जास्त तितकं बारीक सोनं पकडण्याची ताकद जास्त, पण जमिनीतलं लोहखनिज आणि क्षार त्यांना तितकेच छळतात. दुसरी जात पल्स इंडक्शनची. ही मशीन विजेचा झटका देते, थांबते आणि परत येणारा क्षीण प्रतिसाद ऐकते. तांबड्या, लोहयुक्त मातीत व्हीएलएफ ओरडून ओरडून हैराण करतो तिथे ही शांतपणे खोल काम करते. मात्र ती जड आणि महाग असते. लोखंड वेगळं ओळखण्यात ती कच्ची असते, आणि या जातीच्या जुन्या मशीनना अगदी बारीक दाणे ऐकू येत नाहीत.

तेव्हा निवड तुमच्या मातीवर अवलंबून आहे. साधी चाचणी: चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून फिरवा. थोडी काळी दाढी आली तर व्हीएलएफ चालेल. चुंबक पूर्ण माखून निघाला आणि माती विटेसारखी तांबडी असेल तर पल्स इंडक्शनशिवाय धड काम होणार नाही. मशीन भाड्याने मिळत असेल तर आधी भाड्याने घ्या. वरून विजेची तार जात असेल तर चांगल्यात चांगली मशीनही तिथे बडबडते, हेही लक्षात असू द्या.

खोलीबद्दल लोकांच्या अपेक्षा अवास्तव असतात. कॉइलच्या आकारापेक्षा तुकडा खोल गेला की सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो. म्हणजे खोली दुप्पट, तर सिग्नल ६४ पटीने कमी. म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा खडा दोन-चार इंचांवर मिळतो, सहा इंचांवर बहुधा नाही. मोठी कॉइल लावली तर मोठे खडे खोलवरून मिळतात पण बारीक निसटतात. लहान कॉइलचं उलट. सुरुवातीला लहान कॉइलच बरी, कारण बारीक खडे मोठ्यांच्या मानाने कितीतरी जास्त असतात.

आणि डिस्क्रिमिनेशनवर, म्हणजे मशीनच्या धातू वेगवेगळे ओळखायच्या सोयीवर, विसंबू नका. पडद्यावर 'सोनं' असा आकडा दाखवणारी मशीन तुम्हाला अंदाज सांगत असते. निसर्गातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, आणि मिश्रधातूची विद्युतवाहकता शुद्ध सोनं आणि शुद्ध चांदी या दोघांपेक्षाही कमी असते. त्यात आकार वेडावाकडा. त्यामुळे बंदुकीचा शिशाचा छर्रा, बाटलीच्या झाकणावरची अ‍ॅल्युमिनियमची चिंधी आणि सोन्याचा खडा हे तिघं कानाला सारखेच लागतात. लोहयुक्त मातीतला खोल, बारीक खडा तर मशीन सर्रास लोखंडात ढकलते. सोनं शोधताना जवळपास प्रत्येक सिग्नल खणावा लागतो, त्याला पर्याय नाही.

खणण्याची रीत अशी. आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज मशीनमधून वजा करणं, नीट करा: कॉइल जमिनीवरून वरखाली करा, आवाज स्थिर राहीपर्यंत जुळवा, आणि माती बदलली की पुन्हा जुळवा. थ्रेशोल्डची, म्हणजे काही न सापडताही मशीन सतत काढते त्या आवाजाची, बारीक गुणगुण सुरू ठेवा. खोल खड्याचा सिग्नल म्हणजे त्या गुणगुणीत आलेला एक हेलकावा असतो, ठणठणीत टिंग नव्हे. कॉइल जमिनीला समांतर, जवळजवळ टेकवून, सावकाश. हेलकावा आला की त्याच जागेवरून काटकोनात पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी आला तर बुटाने वरची दोन बोटं माती बाजूला खरवडा. सिग्नल मातीबरोबर सरकला तर बहुधा कचरा. जागेवरच राहून वाढला तर खणा. माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घ्या, कॉइलसमोर धरा. सिग्नल असेल तर अर्धी माती तळहातावर ओता, पुन्हा तपासा. ज्या अर्ध्यात आवाज, ती ठेवायची. असं चार-पाचदा केलं की चिमूटभर माती उरते. ती कॉइलवरच थोडी थोडी सांडली की खडा पडताना 'टक्' असा आवाज येतो. खणायच्या कुदळीला मागे एक ताकदीचं चुंबक चिकटवून ठेवा, खिळे आणि तारेचे तुकडे तिथेच लटकतात. काही दगडही आवाज देतात, लोहखनिजामुळे. तो दगड उचलून बाजूला ठेवा आणि जागा पुन्हा तपासा, कारण खालीही काही असू शकतं. खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. परवानगीचं तर आधीच बघा. जमिनीचा मालक एक आणि खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, असं पुष्कळ देशांत असतं.

आता दुसरा प्रश्न, हातातला तुकडा. गारगोटीतल्या तुमच्या पिवळ्या ठिपक्यांना भिंगाखाली सुई टोचा. सोनं मऊ आहे, खनिजांच्या एक ते दहा या मापावर कठीणता अडीच ते तीन. सुई रुतते, खळगा पडतो, कडा वाकते. पायराइटची कठीणता सहाच्या वर. सुई त्यावर घसरते, आणि जोर दिला तर तो कण फुटून काळसर भुगा होतो. चाल्कोपायराइट (तांब्याचं पिवळं खनिज) त्याहून मऊ असतो पण तोही भुगाच होतो. अभ्रक पापुद्र्याने सुटतं. नुसत्या सुईने दहापैकी नऊ शंका मिटतात. कण मोठा असेल तर चकाकी नसलेल्या चिनीमातीवर ओढा, कपाच्या बुडाची खरबरीत कड चालते. सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी.

अ‍ॅसिडच्या किटबद्दल गैरसमज फार. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून अ‍ॅसिड लावायची पद्धत दागिन्याचा कस ठरवण्यासाठी आहे. ती सोन्याचा तुकडा हातात असताना 'किती शुद्ध' एवढं ढोबळ सांगते. दगडात सोनं आहे का, हे सांगत नाही. सुटा कण मात्र नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकून बघता येतो: पितळ विरघळून हिरवा-निळा रंग येतो, सोनं तसंच राहतं. याच्या पुढची चाचणी म्हणजे आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून त्यावर स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाकणं. जांभळा रंग आला तर सोनं नक्की. पण त्यात तपकिरी विषारी वाफा निघतात. ज्याने हे कधी कुणाच्या हाताखाली केलेलं नाही त्याने एकट्याने करू नये असं माझं मत आहे. पिवळा दगड भट्टीत भाजून बघायचा सल्लाही कुणी देईल. दगडात आर्सेनिकचं खनिज असलं तर तो धूर जिवावर बेततो. सोनं गोळा करायला पारा वापरू नका, तो विषारी आहे हे वेगळं सांगायला नको.

गारगोटीत अडकलेल्या सोन्यासाठी तराजूची एक छान पद्धत आहे, दगड न फोडता. दगड हवेत तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. दोन्हींतला फरक ग्रॅममध्ये म्हणजे त्याचं घन सेंटीमीटरमधलं घनफळ. समजा हवेत ५० ग्रॅम, पाण्यात ३८, म्हणजे घनफळ १२. सगळी गारगोटी असती तर वजन १२ गुणिले २.६५, म्हणजे ३१.८ ग्रॅम भरलं असतं. जादा १८.२ ग्रॅम सोन्यामुळे. सोन्याने गारगोटीची जागाही व्यापलेली असते, म्हणून त्याला १.१६ ने गुणा, सोनं साधारण २१ ग्रॅम. फक्त दगडात पायराइट किंवा लोहखनिज दिसत असेल तर हा हिशेब सोडून द्या, कारण तेही वजन वाढवतात. आणि सोन्यात चांदी असतेच, म्हणून आकडा अंदाजाचाच समजा.

तिसरा प्रश्न, खडकात किती. खाणीत टनामागे पाच ग्रॅम म्हणजे चांगलं समजलं जातं, आणि ते म्हणजे दहा लाखांत पाच भाग. हातात धरायच्या एक्सआरएफ बंदुकीला (क्ष-किरण टाकून दगडातली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) हे प्रमाण तिच्या क्षमतेच्या काठावरचं आहे. त्यात ती दगडाचा सेंटीमीटरभर पृष्ठभागच बघते, आणि जस्त, आर्सेनिक, टंगस्टन यांच्या रेषा सोन्याच्या रेषांना खेटून असल्याने नसलेलं सोनंही दाखवते. मी ती बंदूक सोन्यासाठी वापरत नाही, सोन्याबरोबर येणाऱ्या आर्सेनिक-अँटिमनीचा माग काढायला वापरतो. त्या कामात ती उत्तम आहे. सोन्यासाठी फायर अ‍ॅसे: दळलेल्या दगडाचे ३० किंवा ५० ग्रॅम शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवतात, शिसं सगळं सोनं-चांदी गोळा करतं, मग शिसं काढून टाकतात, चांदी नायट्रिकने विरघळवतात आणि उरलेलं सोनं मोजतात. नमुना पाठवताना चांगला दिसणारा दगड निवडून पाठवू नका. शिरेच्या पूर्ण रुंदीतून सारखं साहित्य घ्या. त्याच पिशवीचे दोन भाग वेगळ्या क्रमांकांनी पाठवा, आणि सोनं नसल्याची खात्री असलेला एक दगडही सोबत द्या, म्हणजे प्रयोगशाळेचं काम पडताळता येतं. दोन भागांचे आकडे खूप वेगळे आले तर दर वेळी चूक प्रयोगशाळेची नसते. जाड सोनं असलं की एका भागात एक कण जास्त आला तरी आकडा उडी मारतो. अशा वेळी चाळून केलेला स्क्रीन फायर अ‍ॅसे मागा.

राहिलं ते अँटेनावालं यंत्र. वर खोलीचा हिशेब दिलाच आहे. हँड ऑफ फेथएवढा गोळाही वीस मीटरवरून कुठल्याच हातातल्या मशीनला ऐकू येणार नाही. मुठीवर बसवलेली, सैलपणे वळणारी काडी ज्याच्या हातात आहे त्याच्याच मनगटाने वळते, आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. असंच एक एडीई ६५१ नावाचं यंत्र बॉम्ब शोधणारं म्हणून देशोदेशीच्या सुरक्षादलांना विकलं गेलं. त्यात काहीच नव्हतं, आणि विकणारे जेम्स मॅककॉर्मिक यांना २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या विक्रेत्याला एवढंच सांगा: दहा सारखे डबे, एकात सोन्याची अंगठी. ती कुठल्या डब्यात आहे हे समोर उभ्या असलेल्या कुणालाही माहीत नको, तुम्हालाही नाही. ठेवणाऱ्याने दूर निघून जायचं. प्रत्येक खेपेला डबे नव्याने मांडून दहा वेळा शोधून दाखव म्हणावं. नुसत्या नशिबानेही दहात सरासरी एकदा बरोबर येतं. त्याने 'जमिनीत बरीच वर्षं पुरलेलं सोनंच यंत्राला कळतं' असं कारण दिलं, तर नमस्कार करून परत या आणि ते पैसे दोन पॅन, एक भिंग आणि फायर अ‍ॅसेच्या नमुन्यांवर घाला.